एका बाजूत चौदा दात

गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू मावशींच्या हातचं होतं. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि मावशी आपल्या माडीवरच्या खोलीत बसून कवळ्या करायच्या. स्पिरिटचा दिवा, तापवलेली सुरी, गुलाबी मेण आणि एकेक करून बसवायचे दात. वरचे चौदा, खालचे चौदा.

आणि शेजारच्या स्टुलावर रेकॉर्ड प्लेअर. एका डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना तो त्यांना दिला, त्याला एकोणीस वर्षं झाली. सोबत एकच रेकॉर्ड होती. तिचं वेष्टण केव्हाच फाटलं होतं, मावशींनी खाकी कागदाचं शिवून घातलं होतं. कुणी एक बाई गायची. भाषा कळत नव्हती, पण आवाज कळायचा. सगळी कामं उरकून, पाय पसरून बसलेल्या बाईचा आवाज. मावशींचा हात त्याच्याशी असा जुळला होता की पहिल्या बाजूला सुई टेकली की पहिला दात आणि सुई उचलली की चौदावा. घड्याळ बघायची गरजच नव्हती.

समोरच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान होतं. दर रविवारी सकाळी दुकान बंद असायचं, पण मागच्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्याखाली, मैफल भरायची. नियम थोडेच. ‘आयुष्यातली सर्वांत आवडती’ वगैरे भानगड नाही, सध्या जो अल्बम ऐकताय तोच आणायचा. आणि एक बाजू संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं.

एक वाक्य म्हटल्यावर मास्तर फॉर्मात यायचे. शाळेतून निवृत्त झाले होते, पण लाल पेन जिभेवर तसंच होतं.

“या गायकाला कुणीतरी घोटभर पाणी द्यायला हवं होतं,” चष्मेवाल्याने आणलेल्या अल्बमवर ते म्हणाले होते.

बसवालीने ढोलांचा अल्बम आणला तेव्हा, “भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली आलं.”

“आलं ना? पण तालात आलं की नाही?” बसवाली कुणाला ऐकते होय! दिवसभर शहराची बस हाकणारी बाई. तिने मावशींना कोपराने ढोसलं. “मावशी, त्यांचे दात तूच केलेस ना गं? जरा बोथट करायचे होतेस!”

हे मात्र खरं होतं. मास्तरांची कवळी मावशींचीच होती.

मावशी दीड वर्षापूर्वी चष्मा करायला गेल्या आणि मागून येणारं गाणं ऐकत तिथेच उभ्या राहिल्या. तेव्हापासून एक रविवार चुकला नव्हता. पण स्वतःची पाळी आली की बसवालीकडून पूर्वी ऐकायला नेलेलं काहीतरी आपलं म्हणून आणायच्या, तिच्या ढिगात तिला ते आठवायचं नाही. आपल्याकडे एकच रेकॉर्ड, तीही खाकी कागदातली. मास्तरांनी तिचं एका वाक्यात भरीत केलं तर? पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत काम कसं करायचं?

पण चोरी उघडी पडलीच.

“अगं, हा तर माझाच अल्बम! यावर माझ्या चहाचा डागसुद्धा आहे!” बसवाली ओरडली.

मास्तरांनी चष्मा नाकावर खाली ओढला. “मावशी, पुढच्या रविवारी स्वतःचं आणा. नाहीतर नुसता चहा प्यायला या.”

मग आणली. साडीच्या घडीत गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून. चष्मेवाल्याने रेकॉर्ड आपल्या मशीनवर ठेवली. भारी मशीन ते, त्याला घरातल्या माणसांपेक्षा जास्त जपायचा. सुई टेकली.

आणि मावशी दचकल्या.

ही ती नव्हती! गाणं तेच, चाल तीच, पण गाणारी कुणी दुसरीच होती. बारीक आवाजाची, घाईतली, बस सुटायला आलीय आणि अजून सांगायचं राहिलंय अशी पोरगी. मावशींची बोटं मांडीवर आपोआप दात बसवत होती. तेरावा बसतो न बसतो तोच सुई उचलली गेली.

“माझा एक दात राहिला,” त्या पुटपुटल्या.

“काय?”

“काही नाही. चूक झाली. ही माझी बाई नाही.”

बसवाली म्हणाली, “गोड आहे गं.” चष्मेवाला म्हणाला, “ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे.” मावशींनी मास्तरांकडे पाहिलं. टोमणा आला असता तर बरं झालं असतं. मास्तर म्हणाले, “ठीक आहे, असे आवाज पुष्कळ असतात.”

निघताना चष्मेवाल्याने दारात गाठून घरी आवाज कसा येतो ते विचारून घेतलं. “ताई, तुमच्या मशीनचा पट्टा ढिला झालाय. तबकडी हळू फिरते, म्हणून तुम्हाला आवाज जाड ऐकू येतो. नवीन घालून देतो. दोन मिनिटांचं काम.”

“म्हणजे एकोणीस वर्षं मी बिघाड ऐकत होते?”

“बिघाड असं नाही...” तो चाचरला, कारण तसंच होतं.

सोमवारी दुपारी तो खरंच पट्टा घेऊन माडीवर आला. मावशी एका आजींची कवळी करत होत्या. समोरचा दात त्यांनी सरळ बसवला, लांब धरून पाहिला, सुरी तापवली आणि अगदी किंचित वळवला.

“वाकडा का केलात?” चष्मेवाल्याने विचारलं.

“सगळे रांगेत उभे केले तर हसू दुकानातून आणल्यासारखं दिसतं. नातवंडं लगेच ओळखतात.” बोलता बोलता त्या थांबल्या. हातातल्या दाताकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या मशीनकडे. “भाऊ, पट्टा ठेवून जा. पण घालू नका. रविवारी सगळ्यांना इकडेच घेऊन या. माझी पाळी अजून झाली नाही.”

“झाली की, ताई!”

“ती त्या पोरीची होती.”

रविवारी तिघं जिना चढून आले. खुर्च्या दोनच होत्या, बसवाली साच्यांच्या खोक्यावर बसली. मास्तरांनी फळीवर मांडलेल्या, दात विचकणाऱ्या कवळ्यांकडे पाहिलं आणि नकळत आपलं तोंड मिटून घेतलं.

“मी हात चालू ठेवणार,” मावशींनी बजावलं. “त्याशिवाय मला ऐकू येत नाही.”

सुई टेकली. थोडी खरखर झाली, मग ती आली. त्यांची बाई. सावकाश, जाड, खोल आवाजाची, कुणाचीच वाट न बघणारी. मावशींनी पहिला दात मेणात टेकवला. सहाव्या दाताला बसवालीचा पाय हलायचा थांबला. नवव्याला चष्मेवाल्याने डोळे मिटले. मास्तरांकडे बघायची मावशींना हिंमत होईना. दहा. अकरा. बारा. तेरा. सुरीचं टोक फिरलं, चौदावा जागेवर बसला आणि सुई उचलली गेली.

खाली रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली.

“मशीन चुकतंय,” चष्मेवाला हळूच म्हणाला, “आणि मी काही ते दुरुस्त करणार नाही.”

“ही बाई माझ्या बसमध्ये चढली तर मी तिला तिकीटच काढू देणार नाही,” बसवाली म्हणाली.

मग सगळे मास्तरांकडे वळले. त्यांनी घसा खाकरला.

“माझे दात केलेत तेव्हा हेच चालू होतं?”

“वरचे या बाजूला,” मावशी म्हणाल्या. “खालचे पलीकडच्या.”

मास्तरांनी जिभेने एकदा आपली वरची रांग चाचपली, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“मग उलटा की ती,” ते म्हणाले. “अर्धंच ऐकून मत कसं देऊ?”

“मास्तर, तीन वाक्यं झाली!” बसवाली ओरडली.

मावशींनी रेकॉर्ड उलटली आणि खालच्या रांगेचा पहिला दात उचलला.