शालीकराम मिस्त्रीचं मत

शालीकराम मेश्राम म्हणजे आमच्या तिरोड्याचा शालीकभाऊ मिस्त्री. गोंदिया रोडला टिनाच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की बाजूला ट्रक घुरघुरत असला तरी त्याचं बोलणं स्पष्ट ऐकू यावं. राइस मिलचे ट्रक, सवारीच्या जीपा, धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या मशिनी, सगळं त्याच्याकडे यायचं. एखादा जोड पक्का आहे की नाही हे तो नुसतं बघून कधी ठरवत नसे. दोन्ही हातांनी धरून त्याला लटकायचा, दोन-चार झटके द्यायचा आणि मग म्हणायचा, "चालते." यापलीकडचं कौतुक त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. काम वाईट असलं तर मात्र तोंडावर सांगायचा, "हे मोडन. कोनाले तरी मारशीन तू." लोक चिडायचे, शिव्या घालायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

मी चंद्रशेखर. गॅरेजच्या समोर माझं टायपिंगचं दुकान होतं. २००६ साली त्यात तीन कॉम्प्युटर मांडले आणि दारावर नेट कॅफेची पाटी लावली. गिऱ्हाईक कमी, लोडशेडिंग जास्त. त्यामुळे बसून माशा मारायला वेळ भरपूर होता, आणि पुढचं सगळं त्या रिकाम्या वेळातूनच उपटलं.

त्याच सुमारास शालीकभाऊनं एका राइस मिलच्या मागं सडत पडलेली जुनी जीप आणली. कधी काळी लष्कराच्या लिलावातून आलेली. त्यानं तिची चेसिस कापून तिला जमिनीलगत बसवली, भंगारातल्या ट्रॅव्हल्सचं डिझेल इंजिन टाकलं, बॉनेट उडवलं आणि धूर जायला बोअरवेलचा पाइप लावला. कागदपत्रं नव्हती, म्हणून ती डांबरी रोडवर आणायची नाही हा त्याचाच नियम. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर त्याची दोन एकर धानाची शेती आहे, तिथल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या वाटेवर रविवारी तो ती पळवायचा. बायाबापड्या रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सोडून बघत उभ्या राहायच्या.

मला नेटवर कळलं की या प्रकाराला जगात नाव आहे. जुनी गाडी घ्यायची, कापायची, ठेंगणी करायची आणि तिच्यात दांडगं इंजिन बसवायचं, याला म्हणतात हॉट रॉड. आपल्या देशातल्या अशा शौकिनांचा एक मंचही सापडला. चंदीगड, कोची, पुणे, कोइमतूर, सगळीकडची माणसं तिथं इंग्रजीत गप्पा मारत होती. मी शालीकभाऊला बोलावून फोटो दाखवले.

"हे असेच करतेत त यांचे फोटो कायले काढतेत?" तो म्हणाला. पण खुर्ची ओढून बसला आणि दीड तास उठला नाही.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. मग ठरलं की तो बोलेल आणि मी टाइप करीन. खातं त्याच्या नावानं उघडलं. स्टुडिओवाल्याचा कॅमेरा मागून त्याच्या गाडीचे फोटो काढले, चढवले. आठवडाभरात बोअरवेलचा पाइप देशभर गाजला. कोणी विचारी पाइपची जाडी किती, कोणी विचारी इंजिन बसवायला ब्रॅकेट कसं केलं. शालीकभाऊ बाकावर बसून सांगे, मी इंग्रजी करून लिही. लोक त्याला शालिक सर म्हणायला लागले. ते दिवस खरंच चांगले होते, हे कबूल करतो.

पहिली ठिणगी उडाली ती चंदीगडच्या एका लाल गाडीवरून. चकचकीत, नुसता आरसा. शेकडो लोकांनी वाहवा केली होती. मी शालीकभाऊला विचारलं, काय लिहू?

"लिव. गाडी पाह्याची आहे, चालवाची नाई. येवढा मोठा इंजिन आन ब्रेक मोपेडचे. पयल्या वळणावर झाडाले लागन."

मी शब्दन् शब्द लिहिला. आणि जे मोहोळ उठलं, विचारू नका. गावंढळ काय, जळतो काय, स्वतःची गाडी बघ काय. ब्रेक खरोखर लहान आहेत का, हे एकानंही बघितलं नाही. मंच सांभाळणाऱ्या माणसानं ताकीद पाठवली: इथे सकारात्मक राहावे. महिन्याभरानं शालीकभाऊनं आणखी एकाला सांगितलं की तुझी चेसिस वाकडी आहे, सगळं उकलून पुन्हा कर. दुसरी ताकीद आली. तिसऱ्या वेळी खातं बंद होणार होतं.

मला त्या लोकांचा संताप आला. मत मागतात, आणि मत दिलं की रडतात. आमच्याकडे माणूस मिस्त्रीला विचारतो तो खोट ऐकण्यासाठीच. वाहवा करायला घरची माणसं आहेत. हे सगळं मी शालीकभाऊला सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे ना. बंद करतीन त करतीन. का होते?"

त्याला काही फरक पडत नव्हता. फरक पडत होता मला. तिरोड्यात मला कोण विचारत होतं? तेव्हा आधार कार्ड नव्हतं, ऑनलाइन फॉर्म नव्हते, जातीच्या दाखल्याचे अर्ज टाइप करून पोट भरणारा मी माणूस. तिकडे मात्र सकाळी शटर उघडून मशीन चालू केलं की वीस लोक शालिक सरांची वाट बघत असायचे, आणि त्यांना उत्तर देणारी बोटं माझी होती.

जुलैत रोवणा आला. शालीकभाऊ गॅरेजला कुलूप लावून तीन आठवडे शेतावर गेला. दरवर्षी जातो, सगळा तालुका जातो. मंचावर प्रश्न साचत गेले. शालिक सर कुठे गेले, शालिक सर उत्तर देत नाहीत, शालिक सरांना गर्व झाला. धान लावायला माणूस तीन आठवडे चिखलात असतो हे चंदीगडला कोण सांगणार? मी स्वतःच उत्तरं द्यायला लागलो. वर्षभर ऐकून ऐकून बरंच कळायला लागलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. आणि मी गोड लिहीत होतो. छान, उत्तम, फक्त एवढं बघा, शुभेच्छा. मंच खूश झाला. शालीकभाऊ परतला तेव्हा शालिक सरांची इज्जत दुप्पट झाली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

त्यानंतरही तो येऊन बसे, फोटो बघे, मत सांगे. मी ते इंग्रजीत उतरवताना त्याचे काटे काढून टाकत असे. "फेकून दे" असेल तर "बदलण्याचा विचार करावा" असं लिही. "लिवला का?" तो विचारी. "लिहिलं," मी सांगे. माझ्या मनाला तेव्हा जराही टोचणी नव्हती. उलट मीच त्याला सांभाळून घेतोय, असं वाटायचं.

२००९ च्या दिवाळीआधी नागपूरच्या पीयूषनं आपली गाडी मंचावर टाकली. पीयूष तिशीतला, एका कंपनीत इंजिनिअर, मोठा लाघवी. शालिक सरांची जुनी उत्तरं त्याला पाठ होती. त्यानंही जुनी जीप कापून खाली बसवली होती. इंजिन जागेवरून सरकवल्यामुळे स्टिअरिंगचा दांडा अपुरा पडला, तर त्यानं दोन तुकडे टोकाला टोक लावून वेल्डिंगनं जोडले होते. फोटोत तो जोड स्वच्छ दिसत होता, घासून वर रंग मारलेला. खाली लिहिलं होतं, सरांचं मत हवं.

शालीकभाऊ स्क्रीनच्या इतका जवळ गेला की नाक टेकायचं राहिलं.

"अंदर नळी टाकली नाई यानं. निस्त्या वेल्डिंगवर धरून राहिला. हा जोड तुटन शेखर. चाक हातात राहन आन गाडी जायची तिकडं जाईन. लिव याले, गाडी घराबाहेर काढू नको. माह्याकडं दांडा घेऊन ये, मी करून देतो."

"लिहितो," मी म्हणालो.

त्याला ट्रकचं काम होतं, तो गेला. मी टाइप करायला बसलो. गाडी घराबाहेर काढू नको, हे वाक्य मी लिहिलं होतं. खरंच लिहिलं होतं. मग मला तिसरी ताकीद दिसायला लागली, बंद झालेलं खातं दिसायला लागलं, पीयूषचा पडलेला चेहराही. मी ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं: सुपर्ब काम, अभिमान वाटला. एकच छोटी सूचना, सवडीनं स्टिअरिंगचा जोड एकदा बघून घ्यावा. खाली एक हसरा चेहरा टाकला.

पीयूषचं उत्तर लगेच आलं. धन्यवाद सर, पहिल्या फेरीनंतर नक्की बघतो.

शालीकभाऊनं संध्याकाळी विचारलं, "का म्हनला थो?"

"बघतो म्हणाला."

"येतो म्हनला का नाई?"

"येईल," मी म्हणालो.

आणि तो निघालाही. दिवाळीनंतरच्या रविवारी, शालिक सरांना गाडी दाखवायला, बायकोला शेजारी बसवून. भंडाऱ्याच्या अलीकडे एका वळणावर जोड तुटला. गाडी रोड सोडून बाभळीवर गेली. हे मला मंचावरूनच कळलं. तिथं लोक 'लवकर बरे व्हा' लिहीत होते, फुलांची चित्रं टाकत होते. स्टिअरिंगचा जोड तुटला हे पीयूषच्या मित्रानं एका ओळीत लिहिलं होतं, त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. सकारात्मक राहायचं होतं ना.

शालीकभाऊला मी एवढंच सांगितलं की त्या पोराचा अपघात झाला. त्यानं हातातला पाना ठेवला. "सांगतला होता ना त्याले," म्हणाला. दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद करून तो नागपूरला निघाला. मला बरोबर जावंच लागलं, दवाखान्याचा पत्ता माझ्याकडे होता. गाडीत तीन तास मी त्याला सांगायची वाक्यं मनात जुळवत होतो, आणि एकही तोंडातून निघालं नाही.

पीयूषच्या उजव्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत सळ्या घातल्या होत्या. बोटं पूर्वीसारखी चालतील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. त्याची बायको पुष्पांजली बाजूच्या स्टुलावर बसली होती. कपाळावर टाके, एक डोळा सुजून मिटलेला. शालीकभाऊनं आपलं नाव सांगितलं तसा पीयूष उठायला लागला. तशा अवस्थेतही त्याला आनंद झाला होता. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुष्पांजलीला आनंद झाला नव्हता.

"तुम्हीच ते सर का?" ती म्हणाली. "मी या गाडीत बसायला तयार नव्हते. यांना म्हणत होते, आधी कुणा जाणकाराला दाखवा. तर यांनी तुमचं वाक्य मला वाचून दाखवलं. सुपर्ब, अभिमान वाटला. म्हणून बसले मी."

शालीकभाऊनं माझ्याकडे पाहिलं. सुपर्ब म्हणजे काय हे विचारायची त्याला गरज पडली नाही. मी खाली फरशीकडे बघत होतो, तेवढ्यावरून त्याला सगळं कळलं. आता हा बोलेल, मी वाट बघत राहिलो. त्याच्या त्या आवाजात, सगळ्या वॉर्डासमोर बोलेल. बोलायलाच हवं होतं.

"हो बाई," तो म्हणाला. आवाज इतका हळू की मला नीट ऐकू आला नाही. "माह्या नावानं होता थे. मीच नीट पाह्यलो नाई. चुकलो."

"नाही हो सर," पीयूष म्हणाला, "तुम्ही जोड बघायला सांगितला होता, मीच..."

"बस झाला," शालीकभाऊ म्हणाला. मग त्यानं पीयूषच्या चांगल्या हातावर हात ठेवला.

मी तिथंच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. हे आजही लिहिताना माझं डोकं फिरतं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तर चौथ्या दिवशी मी मंचावर खरं काय ते लिहिलं: मिस्त्री काय बोलला होता, मी काय लिहिलं, का लिहिलं. दोन तासांत ती पोस्ट उडवली गेली आणि तिसरी ताकीद आली. ज्या खात्यासाठी मी एवढं केलं ते असं बंद झालं. पीयूषला मी पुढं पत्र लिहून सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं.

पण मला छळते ती परतीची गाडी. दवाखान्यातून निघून आम्ही पॅसेंजरमध्ये बसलो. समोरासमोर. भंडारा रोड गेलं, तुमसर रोड गेलं, शालीकभाऊ खिडकीबाहेर कापणीला आलेल्या धानाकडे बघत बसलेला. शिव्या नाहीत, प्रश्न नाहीत. जन्मभर ज्याला त्याला तोंडावर सुनावणारा माणूस मला एक शब्द बोलत नव्हता. मुंडीकोटा गेल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही.

"भाऊ, काहीतरी बोल ना," मी म्हणालो. "शिव्या दे. पण बोल."

त्यानं खिडकीवरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. रागही नव्हता त्याच्या चेहऱ्यावर.

"बोललो त होतो," तो म्हणाला.

मग तिरोडा आलं आणि आम्ही उतरलो.