कट्टा बंद

शाळा सुरू झाल्यावर पंधरवड्याने आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या झोपेसाठी पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंशी मोबाईलवर बोलणं सुरू झालं. मुलगी अंथरुणावर पडायची, पण झोप येत नसे. पाणी हवंय, पंखा वाजतोय, पोटात दुखतंय, अशा हाका चालू राहायच्या. वर्गात मात्र बाकावर डोकं टेकून झोपायची. वर्गशिक्षिकेने आम्हाला दोनदा बोलावून घेतलं होतं.

बुधवारी शाळा सुटली की व्हिडिओ कॉल. मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवलेला. समोर मुलगी, दोन्ही बाजूंना तिची आई आणि मी. माझे वडील, म्हणजे तिचे आबा, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने दाराशी बसायचे.

पहिल्याच कॉलमध्ये बाईंनी विचारलं, "जेवण झाल्यावर काय करतेस, बाळ?"

"आबांबरोबर कट्ट्यावर जातो."

"तिथे कोण असतं?"

"लई जण असतात."

"मग सध्या कट्टा बंद. झोपण्याआधी गर्दी, गप्पा नकोत. रोज एकच शांत क्रम हवा."

आम्ही माना हलवल्या. तज्ज्ञांनी सांगितलं म्हणजे कारण असणार, असं धरून चाललो.

आमच्याकडे कट्टा म्हणजे दूधकट्टा. अंधार पडताना चौकात म्हशी आणून उभ्या करतात आणि समोरच धार काढून ग्लास हातात देतात. लहानपणी वडील मलाही तिथे न्यायचे. सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळलेला असायचा. फेसाची मिशी शर्टाच्या बाहीला पुसली की ओरडा बसायचा. परत येताना उतार लागला की माझी मान त्यांच्या हातावर कलंडायची. त्यापुढचं, घरी पोचल्याचं, मला कधीच आठवत नाही.

कट्टा बंद झाला. जेवणानंतर आबा चप्पल घालायचे आणि पुन्हा काढून ठेवायचे. मुलगी दिवा मंद करून गोष्टीचं पुस्तक वाचायची. हाका कमी झाल्या नाहीत, वाढल्या.

तिसऱ्या बुधवारी आबा खुर्ची ओढून मोबाईलसमोर आले.

"ओ मॅडम, पोरीची झोप तुम्ही बघा. पण म्हशीचं काय चुकलं ते तरी सांगा की."

"कुठली म्हैस?"

"कट्ट्यावरची. दूध पाजून आणत हुतो पोरीला. तुम्ही बंद केलासा."

"आजोबा, मला वाटलं, कट्टा म्हणजे टवाळक्या करत बसायची जागा."

"ह्या वयात मी पोरीला घिऊन टवाळक्या करू व्हय?"

मुलगी हसायला लागली. मग बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. जाताना चालत, ठरलेली म्हैस, एक ग्लास, येताना आबांचं बोट धरून, घरी आलं की पाय धुऊन अंथरुणात.

"अहो, मी तुम्हाला हाच तर क्रम लावायला सांगत होते," बाई म्हणाल्या. "उद्यापासून सुरू करा. फक्त जेवण थोडं लवकर घ्या. आणि दूध तापवून द्या."

"तापवायचं कशाला? गरमच असतंय की."

"तरीही तापवायचं, आजोबा."

दुसऱ्या दिवशी आबा कट्ट्यावर जाताना मुलीबरोबर स्टीलची किटलीही घेऊन गेले. दूध घरी आणून तापवलं गेलं. मुलीने ते पायरीवर बसून प्यायलं आणि तोंड फ्रॉकच्या बाहीला पुसलं. आबा ओरडले.

त्या रात्री तिने दोन हाका मारल्या. पुढच्या रात्री एक.

सोमवारी सकाळी शाळेची रिक्षा दारात येऊन हॉर्न वाजवत होती. मुलगी अजून झोपलेली होती.