घरचा पडदा, लॉजची खोली

माझं लग्न एका लॉजमध्ये जमलं. पळून-बिळून गेले नव्हते. आईवडील सोबत होते, आणि चिवड्याचा डबाही होता.

वडील, म्हणजे आमचे नाना, सुरगाण्याच्या पलीकडे एका आश्रमशाळेत मास्तर होते. मुलगी बघायला नाशिकहून तिथवर कोण येणार? घाट चढायचा, एसटी मोजक्या, परतीची चुकली की मुक्काम. नानांचे एक जुने सहकारी निवृत्त होऊन नाशिकला राहत होते, तेच आमचे मध्यस्थ. त्यांनी सरळ सांगून टाकलं, नोकरीवालं स्थळ पाहिजे तर मुलीला इकडे खाली आणा.

पहिल्यांदा मला दाखवलं ते पंचवटीत, आत्याच्या घरी. मी नेसून बसलेली, आणि पाणी घेऊन आली माझी आतेबहीण. आठवडाभराने निरोप आला की मुलगी पसंत आहे. कोणती? पाणी आणणारी. आत्याचा यात काही दोष नव्हता. पाणी कोणीतरी आणायलाच हवं होतं, आणि आतेबहीण माझ्यापेक्षा उजळ होती हे काही कोणापासून लपलेलं नव्हतं. पण नानांच्या ते फार मनाला लागलं. आतेबहिणीच्या लग्नाला ते आहेर घेऊन गेले, पोटभर जेवले, आणि घरी येऊन म्हणाले की यापुढे आपली मुलगी दुसऱ्याच्या घरात दाखवायची नाही. आपलं घर तर सुरगाण्यात. मग राहिला लॉज.

नाशिकच्या शालिमार चौकामागच्या एका बोळात ते तीन मजली हॉटेल होतं. पाटीवर हॉटेल, आम्ही म्हणायचो लॉज. एसटी स्टँडपासून रिक्षाने जवळ, वर ‘फक्त फॅमिलीसाठी’ असा बोर्ड, आणि मुख्य म्हणजे खोलीत पाहुणे येऊ द्यायचे. काउंटरवरचा मॅनेजर कॅन्टीनमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्याही वर पाठवायचा. दुसरा एक लॉज नानांनी पाहिला होता, त्याच्या खाली बार होता. म्हणजे प्रश्नच मिटला.

चांगल्या दिवसांत ते हॉटेल चांगलं असावं. जिन्याला फरशी होती, प्रत्येक मजल्यावर आरसा होता. आम्ही जाईपर्यंत लिफ्टमध्ये झाडू आणि मोडकं स्टूल राहायला आलेलं होतं. बेसिनचा पाइप खाली कुठे जोडलेलाच नव्हता, तोंड धुतलं की पाय आपोआप धुतले जायचे. नळाचं गरम पाणी आधी तांबूस यायचं, मग गार यायचं. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे भर दुपारी ट्यूब लावायची. आरशावर आधी राहून गेलेल्या बायकांच्या टिकल्या चिकटवलेल्या असायच्या, लाल, मरून, एखादी खड्याची. नाना खाली जाऊन तक्रार करायचे. मॅनेजर मान वर न करता म्हणायचा, “होऊन जाईल.” लिफ्ट? होऊन जाईल. नळ? होऊन जाईल. त्या माणसाचा भविष्यकाळावर फार विश्वास होता.

शनिवारच्या एसटीने यायचं, रात्र काढायची, रविवारी पाहुणे. पहिल्या खेपेला जे पाहुणे आले त्यांना पंखा नडला. त्याचा रेग्युलेटर मेलेला होता, पंखा एकतर बंद नाहीतर पूर्ण वेगाने. बंद केला तर मुलाची आई पदराने वारा घेऊ लागली, चालू केला तर माझा पदर उडून नानांच्या चष्म्यावर. सगळे ओरडून बोलत होते. तेवढ्यात छताचा एक पोपडा सुटला आणि नेमका चिवड्याच्या बशीत पडला. मुलाच्या मामांनी आधी छताकडे पाहिलं, मग आमच्याकडे. जसं काही छत आम्हीच बांधलं होतं. उठताना म्हणाले, कळवतो.

हे ‘कळवतो’ प्रत्येक पाहुणा उठताना म्हणायचा. त्याचा अर्थ त्यांच्यासाठी काही नसेल, आमच्यासाठी तो पुढचा महिना असायचा. शाळेत हेडमास्तरांच्या ऑफिसात एक फोन होता. नाना रोज काहीतरी निमित्त काढून तिथे डोकावायचे. हेडमास्तर भले, तेही न विचारता मान हलवायचे. आई कोणाला काही विचारायची नाही, पण नानांच्या चपलांचा आवाज आला की तिचं लाटणं थांबायचं. मला त्या थांबलेल्या लाटण्याचा जितका राग आला तितका पाहुण्यांचाही कधी आला नाही. मी काय केलं होतं? चिवडा दिला होता आणि खाली मान घालून बसले होते.

त्या पहिल्या मंडळींचं उत्तर मध्यस्थांमार्फत आलं. मुलगी ठीक आहे, पण घरात टापटीप दिसत नाही.

घरात! अहो, घर कुठे पाहिलं होतं त्यांनी? नाना दोन दिवस हेडमास्तरांच्या ऑफिसाकडे फिरकले नाहीत. आई मात्र ट्रंक उघडून बसली. तिने घरातली सगळ्यात चांगली फुलाफुलांची चादर काढली, तिच्याच जोडीचा पडदा काढला, आणि पुढच्या खेपेला फिनेलची बाटली, काथ्या आणि जुनी साडी पिशवीत भरून नाशिकला आली. पाहुणे अकराला येणार म्हणजे ती पहाटे उठून लॉजची मोरी घासायला बसे. फरशी पुसायची, आरशावरच्या टिकल्या नखाने खरवडून काढायची, खिळ्याला पडदा अडकवायची. पडदा आमच्या घरच्या खिडकीच्या मापाचा, इथे जमिनीवर लोळायचा. मग ती खालची कड दुमडून टाचण्या लावायची. आमच्यानंतर ती खोली मॅनेजर स्वच्छ म्हणून दुसऱ्याला देत असणार. आणि पुढच्या खेपेला आम्हाला मुद्दाम सगळ्यात घाणेरडी खोली देत असणार, असा माझा अजूनही संशय आहे. खोली बदलायची, तक्रारी त्याच राहायच्या.

घरी परतल्यावर ती चादर आणि पडदा धुऊन पुन्हा ट्रंकेत जायचे. उत्तर येईपर्यंत कोणी त्यांना हात लावायचा नाही. काही स्थळांनी उत्तर दिलंच नाही. मग चादरीने समजून घ्यायचं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझं नाक चांगलं आहे, तरी विघ्नं चुकली नाहीत. एका मुलाची आजी सोबत आली होती. लिफ्ट बंद, खोली तिसऱ्या मजल्यावर. आजीबाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या की आता मी काही वर येत नाही, मुलीलाच खाली आणा. मग मला जिन्यात दाखवलं. हातात चहाचा ट्रे, आजीबाई एका पायरीवर, मुलाचे वडील कठड्याला टेकलेले. मध्येच खांद्यावर टॉवेल टाकलेला एक गृहस्थ दात घासत वरून आला, आणि तोंडात फेस असल्यामुळे नुसतेच हात जोडत आमच्यामधून खाली गेला. आजीबाई म्हणाल्या, जरा चालून दाखव. मी चार पायऱ्या चढून दाखवल्या. आई वरच्या कठड्यावरून बघत होती. घासून पुसून लख्ख केलेल्या खोलीत पाहुण्यांनी पाऊलही टाकलं नाही, याचं तिला जास्त वाईट वाटलं असणार. ती मंडळीही कळवतो म्हणून गेली.

त्या संध्याकाळी आमची एसटी वणीला थांबली होती. आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं माणसाने. टांगून कशाला ठेवतात?”

पुढच्या खेपेला माझं जमलं. त्याचं श्रेय मी महाराष्ट्राच्या वीज मंडळाला देते. सातपूरच्या एका कंपनीतला मुलगा, सोबत फक्त थोरला भाऊ. ते आले आणि लाईट गेली. ट्यूब बंद, खिडकीबाहेर भिंत, खोलीत मिट्ट काळोख. पंखा बंद, म्हणून पहिल्यांदाच कोणाचं बोलणं कोणाला नीट ऐकू आलं. पोपडे दिसले नाहीत, ओल दिसली नाही, गळका नळ दिसला नाही. नवरा अजून सांगतो की मीही त्याला नीट दिसले नव्हते, नाहीतर विचार केला असता. असू दे. त्यांचा होकार आला, तोही पंधरा दिवस लावून. आईने त्या रात्री ती फुलाफुलांची चादर नानांच्या अंथरुणावर घातली.

मग बरीच वर्षं गेली. मी सातपूरला संसाराला लागले. नाना निवृत्त झाले आणि त्यांनी नाशिकलाच छोटा फ्लॅट घेतला. माझा धाकटा भाऊ नोकरीला लागला आणि त्याच्यासाठी मुली बघणं सुरू झालं. आता आम्ही मुलाकडचे. माणूस एका रात्रीत कसा उंच होतो ते मी घरातल्या घरात पाहिलं. नाना फोनवर सावकाश बोलू लागले. आई “बघू, सांगू” म्हणू लागली.

पेठ तालुक्याकडचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील तिकडे ग्रामसेवक होते. इतक्या लांब तुम्ही कशाला येता, आम्हीच मुलीला घेऊन शहरात उतरतो, असं त्यांनी कळवलं. कुठे उतरणार ते ऐकून नाना हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, आपल्याला बघायला जायचंय, राहायला नाही.

तोपर्यंत हायवेला काचेची हॉटेलं उभी राहिली होती. आपलं शालिमारमागचं हॉटेल तिथेच होतं, आणखी खचलेलं. पाटीवर नवा रंग, तोही अर्ध्यावर सोडलेला. काउंटरवर तोच मॅनेजर, केस पांढरे झालेले. लिफ्टमध्ये आता एक जुना टीव्ही राहत होता. नानांनी मुद्दाम विचारलं, लिफ्टचं काय? तो म्हणाला, “होऊन जाईल.” नानांनी मोठ्या समाधानाने माझ्याकडे पाहिलं.

आम्ही तीन मजले चढलो, आईचे गुडघे आता बोलायला लागले होते. दार उघडलं आणि फिनेलचा वास आला. पलंगावर इस्त्रीची चादर, खिडकीला निळा पडदा, खालची कड दुमडून टाचण्या लावलेला. आरशावर एकही टिकली नव्हती, फक्त खरवडल्याचे डिंकाचे ठिपके. मुलीच्या आईच्या बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या, पाण्यात फार वेळ हात असला की पडतात तशा. मुलगी लाडूचं ताट घेऊन आली. साधी, धीट डोळ्यांची होती. आईने शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, लाडू कोणी केले ते विचारलं. हे सगळे प्रश्न मला पाठ होते. मी आईकडे बघत राहिले. ती खुर्चीत मागे टेकून बसली होती, याआधी या हॉटेलात मी तिला टेकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. भाऊ मुलीशी दोन वाक्यं बोलला आणि लाल झाला.

उठताना आई म्हणाली, “कळवतो.”

जिना उतरताना भाऊ माझ्या कानाशी म्हणाला की त्याला मुलगी पसंत आहे, आईला सांग. मी तिथेच सांगितलं. नानांना तर लाडूच पसंत पडले होते. आईलाही मुलगी आवडली होती, तसं ती म्हणालीही. पण म्हणाली, आठ-पंधरा दिवस जाऊ दे. मुलाकडच्यांनी लगेच हो म्हटलं की ते लोक डोक्यावर बसतात, जगाची रीत आहे.

आम्ही बोळात आलो. मला इतकी चीड आली की नवऱ्यावरही कधी आली नसेल. इतकी वर्षं मी त्या लॉजचे किस्से सांगून लोकांना हसवत होते, पोपड्याचा, आजीबाईंचा, दात घासणाऱ्याचा. आता एकही किस्सा आठवेना. आठवलं ते लाटणं.

मी म्हटलं, “आई, पडदा पाहिलास?”

“पाहिला.”

“घरचा होता.”

रिक्षावाला पुढे आला, नानांनी त्याला थांबवलं. आई रिक्षाच्या दांड्याला धरून उभी राहिली, मग तिने पदर खोचला आणि पुन्हा हॉटेलात शिरली. नाना म्हणाले, अगं, मोबाईल आहे की, फोन कर. तिने ऐकलं नाही. मी तिच्यामागे गेले. ज्या वळणावर मला चालून दाखवायला लावलं होतं तिथे ती दम खायला थांबली. मी हात दिला, तो तिने घेतला नाही, कठडा धरून चढली.

दार उघडंच होतं. मुलगी पलंगावरची चादर काढत होती, डोळे पुसलेले होते. तिची आई खुर्चीवर चढून खिळ्यावरून पडदा सोडवत होती. आम्हाला बघून ती घाईने खाली उतरली, पडदा पाठीमागे धरला आणि घाबरून म्हणाली, “काही राहिलं का तुमचं?”

आईने पुढे होऊन मुलीच्या हातातल्या चादरीची दोन टोकं धरली. दोघींनी ती ताणली, एकदा दुमडली, पुन्हा दुमडली.

“हो,” आई म्हणाली. “कळवायचं राहिलं.”