लंगोटातला फेस

हॉटेलच्या धुलाईखात्यात त्याला सगळे बगळोबा म्हणायचे. चादरीवर एखादा फिकट पिवळा डाग राहिला तर तो नेमका यालाच दिसायचा, आणि ती चादर पुन्हा मशीनमध्ये कोंबल्याशिवाय याला चैन पडायचं नाही. "बाबा रे, लोक इथे झोपायला येतात, चादरी तपासायला नाही," मशीनवाले वैतागून म्हणायचे. बगळोबा ऐकतोय कसला!

असा माणूस बाप झाला, मग तो लेकीचे लंगोट दुसऱ्या कुणाच्या हाती कशाला देतोय? दिवसभर परक्यांचे टॉवेल उपसून कंबरेचा काटा ढिला झालेला असायचा, तरी चहा घशाखाली गेला की स्वारी न्हाणीघरात पाटावर. बादलीत कढत पाणी, खात्यातलीच पावडर, तीही हात सैल सोडून, शेवटी झाकणभर सुवासिक सॉफ्टनर. दोरीवर लागलेली झबली आणि लंगोट बघून समोरच्या बायका आपल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या. त्या थकल्या जिवाला तेवढंच सुख होतं.

पण पोरीच्या मांड्या लाल झाल्या. आधी नुसतं पुरळ, मग चट्टे, मग जांघेतली कातडीच सोलवटली. लंगोट बांधायला घेतला की ती रडून रडून निळी पडायची. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, साबण लावू नका, कोमट पाण्याने पुसा म्हणाल्या. दोन दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच रडगाणं.

"आईचं दूधच बाधतंय लेकराला," सासूबाईंनी फोनवर निकाल दिला. झालं! बायकोच्या ताटातून आधी वांगी गेली, मग दाणे, मग तिखट, मग आंबट. अंड्यावर तिचा फार जीव होता. एकदा तिने न राहवून अर्धं उकडलेलं अंडं वाढून घेतलं, तर बगळोबाने ते तिच्या ताटातून उचललं. "पोरीसाठी गं," म्हणाला. मऊ भात आणि उकडलेला दुधी खाऊन तिच्या डोळ्यांखाली खड्डे पडले, अंगठी बोटातून गळायला लागली. इकडे याने जंतू मरावेत म्हणून पावडर वाढवली.

तरीही उतार पडेना. शेवटी अंगावरचं दूध तोडायचं ठरलं. पावडरच्या दुधाचा डबा फडताळात येऊन बसला, आणि त्याच्याकडे पाठ करून ती पोरीला पाजत राहिली. उद्यापासून डबा उघडायचा होता.

त्या दुपारी त्याला सुट्टी होती. त्याने वाडग्यात कोमट पाणी आणून ठेवलं. पोरीला पुसायला बायकोने घडीचा धुतलेला लंगोट त्यात बुडवून पिळला.

"अहो, पाण्यात साबण घातलात?"

"छे गं, नळाचं पाणी आहे."

"मग हे काय?"

वाडग्यात पांढरा फेस होता. तिने नवं पाणी घेतलं, घडीतला दुसरा लंगोट बुडवला. पुन्हा फेस, आणि वर तोच सुवास.

बगळोबाने तिसरा लंगोट स्वतः बुडवून पाहिला. खात्यात मशीन आपलं आपण चार-चार वेळा पाणी बदलायचं. दार बंद असायचं, त्यामुळे खळबळण्याकडे बघायची त्याला कधी गरजच पडली नाही. पावडरचा हात तेवढा त्याने घरी आणला होता. इथे तो लंगोट एका पाण्यातून काढायचा, दुसऱ्यात सॉफ्टनर घालायचा, की झालं.

"तुझं दूध नव्हतं गं," तो म्हणाला. "माझं धुणं होतं."

तिने आपल्या जुन्या ओढणीचा तुकडा फाडून पोरीला पुसलं, तिला तशीच उघडी पलंगावर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्याने सगळे लंगोट न्हाणीघरात नेले. नुसत्या पाण्यात खळबळायचे, पिळायचे, पाणी ओतायचं, पुन्हा भरायचं. फेस हटता हटेना. आयुष्यभर ज्या फेसाचा अभिमान धरला त्याची त्याला शिसारी आली. पाणी नितळ दिसलं तेव्हा त्याचे हात पांढरेफटक पडले होते.

बाहेर आला तर बायको जमिनीवर बसून जेवत होती. ताटात दोन उकडलेली अंडी. घास गिळायच्या आत पुढचा घास. तिला मीठ द्यावं म्हणून तो वाकला, त्याने हात पुढे केला.

तिने वर न बघताच ताट आपल्याकडे ओढून घेतलं.