मी शिकवलेला व्यायाम
चूक माझीच होती आणि मोहफुलांचा वास आला की ती आठवते. बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते गुंगीत होते म्हणून गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लघवीवर ताबा येण्याचा व्यायाम मला समजावला. तरुण बाईच्या तोंडून तसलं ऐकताना मी लाजून भिंतीकडे बघत राहिलो, आणि घरी आल्यावर अंदाजानंच बाबांना पाय हवेत सायकलसारखे फिरवायला सांगितलं. महिनाभर ते इमानदारीनं फिरवत होते. तरी धोतर ओलं व्हायचंच. त्या लाजेनं ते त्या वर्षी मोहफुलं वेचायलाही गेले नाहीत. पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा बाईंनी व्यायाम करून दाखवायला सांगितला. बाबांनी आडवं होऊन असे जोरात पाय फिरवले, की बाईंना हसू आवरेना. “भाऊ, हे कोणं शिकवलं?” “पोरानं. मले वाटलं, सायकलनंच गावाले धाडून राह्यला!” मग बाईंनी नीट सांगितलं, लघवी रोखताना आवळतो तसं आतून आवळायचं, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. पुढच्या वर्षी पहाटे बाबा सगळ्यांच्या आधी मोहाखाली हजर होते. पन्नाशीतला मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो आणि म्हणालो, “बाबा, मी लाजलो, बाईचं ऐकलंच नाई. तुमचा एक मोसम माह्यापायी गेला. मले माफ करा.”