साडेचार मीटर, पण कुठून?

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे 'सोमवारबाई' म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते माहीत होतं. कार्यशाळा कुठलीही असो, आखायला बसलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे सगळं ऐकून गेलेला माणूस सोमवारी सकाळी आपल्या टेबलावर बसेल, तेव्हा नेमकं काय वेगळं करेल?" यावर साहेब म्हणत, "आधी बॅनरचं बघा." मी सतरा वर्षं तिथे किनाऱ्याचे नकाशे काढतोय. त्यातली अकरा वर्षं माझं टेबल बाईंच्या शेजारी होतं आणि त्या प्रश्नाने माझं डोकं उठलेलं आहे.

बाई कंत्राटी होत्या. दर वर्षी करार नवा. काम काय, तर किनाऱ्यावर बांधकामं करणाऱ्या आणि त्यांना परवानग्या देणाऱ्या लोकांना बदलत्या हवामानाशी कसं जुळवून घ्यायचं ते शिकवायचं. आता हे लोक शिकायला येतात असं कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा आमच्या हॉलमध्ये येऊन बसावं. पहिल्या दिवशी अर्धा वेळ पार्किंग कुठे आहे यात जातो आणि उरलेला स्वागतात. समुद्र वाढतोय की नाही यावर दर वेळी तोच एक गृहस्थ उभा राहतो, वीस मिनिटं बोलतो आणि फोन आला म्हणून बाहेर जातो.

त्या वर्षी मात्र बाईंनी हट्टच धरला. म्हणाल्या, "यंदा नुसती चर्चा नको. दोन दिवसांच्या शेवटी एक आकडा ठरवून उठायचं."

आकडा होता पंपघराचा. शहराच्या सखल भागात एक गल्ली आहे. भरती आणि वादळ एकत्र आले की तिथे समुद्र आत येतो. पाणी उपसायला पंपघर होतं, पण गेल्या दोन्ही पुरांत आधी बुडालं ते पंपघरच. आता नवं बांधायचं ठरलं होतं. शहराचे इंजिनियर जागा आणि पैसा देणार होते, बंदराचे इंजिनियर बांधणार होते, आणि जोतं किती उंच घ्यायचं यावर दोघांचं वर्षभर जमत नव्हतं. त्याच गल्लीत तळमजल्यावर बाईंची नणंद राहायची, आणि बाईंच्या सासूबाई तिच्याकडेच होत्या, कारण गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नव्हता. मागच्या पुरात म्हातारीला टेबलावर बसवून ठेवलं होतं. बाई हे कार्यालयात कधी बोलल्या नाहीत. मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी तिथे जायला त्यांनी माझी छत्री नेली होती.

आखणीत त्यांनी आमच्या नाकी नऊ आणले. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली आधी सगळ्यांना पाठवली. कोण कोणाशेजारी बसेल, याचे तीन तक्ते माझ्याकडून काढून घेतले. शेवटी ठरलं की एका खात्याचे लोक एका टेबलावर बसवायचे, म्हणजे परक्या खात्याच्या साहेबलोकांसमोर संकोच नको, मोकळेपणाने बोलतील. बोलले. मोकळेपणाने एकमेकांच्या बदल्यांविषयी बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या आधी, आकडा काढायचा होता. शहराच्या टेबलावरून त्यांचे इंजिनियर म्हणाले, "साडेचार मीटर. त्याखाली आम्ही येणार नाही." मग सगळे बंदराच्या टेबलाकडे बघू लागले. बंदराच्या इंजिनियरांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "मागच्या वादळात धक्क्यावरच्या आमच्या पट्टीवर पाणी चार मीटरच्या जरा वर गेलं होतं. साडेचार चालेल की." क्षणभर कोणाचा विश्वास बसेना. वर्षभराचं भांडण दोन मिनिटांत मिटलं. बाईंनी मोठ्या कागदावर जाड पेनाने 'साडेचार मीटर' लिहिलं, दोघांनी खाली सह्या केल्या, टाळ्या झाल्या, साहेबांनी फोटो काढून घेतला. बाईंचे डोळे भरून आले होते. मी मागच्या बाजूला प्रमाणपत्रांवर नावं घालत बसलो होतो.

आता मूल्यमापनाचं सांगतो. फॉर्म भरून दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, असा साहेबांचा नियम. त्यामुळे प्रत्येक फॉर्म भरून येतो, आणि प्रत्येकात पाचापैकी पाच. सूचनांच्या जागी 'जेवण उत्तम' आणि 'हॉल फार थंड'. एकाने तर न झालेल्या सत्रालाही पाच गुण दिले होते. साहेब फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेऊन खुशीत होते. बाई म्हणाल्या, "साहेब, हे मूल्यमापन नाही, हे आभारप्रदर्शन आहे. तीन महिन्यांनी जाऊन बघायला हवं." साहेबांनी ते कानाआड केलं आणि अहवाल वर पाठवला. वरच्यांना तो इतका आवडला की बाईंना कायम करण्याची अकरा वर्षं झोपलेली फाइल हलली.

शहाणं माणूस अशा वेळी गप्प बसतं. बाई तीन महिन्यांनी खरंच निघाल्या, आणि मला बरोबर घेतलं. चार कार्यालयं फिरलो. एका ठिकाणी आमच्या कार्यशाळेची फोल्डरं दार उघडं राहावं म्हणून खाली लावलेली होती. दुसरीकडे, "कुठली कार्यशाळा? ती थंड हॉलवाली?" मी कपाळाला हात लावला. बाई वहीत लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पंपघर तरी बघू."

पंपघराचं जोतं बांधून झालं होतं. नणंदेच्या घरासमोरच. बाई रस्त्यात उभ्या राहून एकदा जोत्याकडे आणि एकदा नणंदेच्या दाराकडे बघत राहिल्या. दाराच्या चौकटीवर मागच्या पुराचा डाग अजून होता. "नकाशेवाले," त्या म्हणाल्या, "हे बुटकं वाटत नाही?"

गवंड्याकडून पातळीची नळी घेतली. पाणी भरलेल्या नळीचं एक टोक बाईंनी डागाशी धरलं, दुसरं मी जोत्यावर नेलं. पाणी स्थिरावलं. जोतं डागाच्या वीतभर खाली होतं. म्हणजे मागच्यासारखाच पूर आला तर पंप पुन्हा बुडणार, या खेपेला कोरा करकरीत.

बाई मुकादमाकडे वळल्या. तो निवांत होता. "बरोबर साडेचार आहे, बाई. बंदराच्या शून्यापासून."

इथेच घोडं पेंड खात होतं. बंदरवाले उंची मोजतात ती सगळ्यात खोल ओहोटीच्या रेषेपासून. शहरवाले मोजतात समुद्राच्या सरासरी पातळीपासून. दोन शून्यांत एक मीटर चाळीसचा फरक. त्यात बंदराच्या पट्टीला गल्लीत तुंबलेलं पावसाचं पाणी दिसत नाही. दोघांनी एकच आकडा म्हटला, दोघांनी सही केली, आणि दोघांच्या मनात वेगवेगळी जोती होती. चाळीस प्रश्नांत 'कुठून मोजता?' हा एक प्रश्न नव्हता.

बाईंनी तिथूनच दोघांना फोन लावले. बंदराचे इंजिनियर म्हणाले, "ठरलं त्याप्रमाणे झालंय. कागद तुमचाच आहे." शहराचे म्हणाले, "आमची सही आहे, आता आम्ही काय बोलणार?" दोघांनीही हात झटकले. काम थांबवायचं तर एकच वाट होती, तो कागदच चुकीचा होता असं आमच्या कार्यालयाने लेखी कळवायचं.

कार्यालयात परतून हे सांगितलं तसे साहेब भडकले. "फाइल सहीला गेलीय तुमची. महिनाभर थांबा, मग काय ते लिहा."

"महिन्याभरात वर भिंती चढतील, साहेब," बाई म्हणाल्या आणि टेबलावर येऊन लिहायला बसल्या.

मला त्यांनी दोन्ही शून्यं दाखवणारी आकृती काढायला सांगितली. मी काढायला घेतली आणि दोनदा खोडली. सतरा वर्षं मी दोन्ही खात्यांचे नकाशे काढतोय. कार्यशाळेत बंदराचे इंजिनियर 'आमच्या पट्टीवर' म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. शेवटी मी बाईंना तसं सांगून टाकलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग बोलला का नाहीत?"

"जेवणाची वेळ झाली होती. आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या."

त्यांनी चिडून कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाई आहेत त्या गल्लीत. अकरा वर्षं तुमच्या शेजारी बसतेय मी, आणि तुम्ही मूग गिळून प्रमाणपत्रं लिहीत बसलात?" मग पेन उचलून त्या पुन्हा लिहू लागल्या. त्यांनी आणखी बोललेलं परवडलं असतं.

संध्याकाळी पत्र माझ्या टेबलावर आलं, आकृती जोडण्यासाठी. मी वाचलं. बाईंनी लिहिलं होतं: 'फरकाची शंका आमच्या नकाशाकारांना जागेवरच आली होती. त्यांना बोलता येईल अशी वेळ कार्यक्रमात ठेवलेली नव्हती. आखणीतली ही चूक माझी आहे.' खाली सही एकच, त्यांची.

"हे असं कसं लिहिता?" मी वैतागून म्हटलं. "मुकाट बसलो मी, आणि चूक तुमची?"

"पुढच्या वेळी कोणीतरी आखेल ना, त्याच्यासाठी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाही."

मी आकृती जोडली. मी सही करावी असं त्या पत्रात कुठे काही नव्हतं, आणि मीही जागा शोधली नाही.

आठवड्याने काम थांबलं. पंधरा दिवसांनी बाईंची फाइल परत आली, शेरा असा की 'कामात त्रुटी आढळल्याने तूर्त विचार नाही'. जोतं वाढवायला घेतलं, तेव्हा आम्ही पुन्हा गल्लीत गेलो. गवंडी वरचा थर फोडत होते. नणंद दारात उभी होती, धुळीने हैराण. आत सासूबाई खोकत होत्या.

"वहिनी, तुमच्याच खात्याचं ना हे?" ती बाईंना म्हणाली. "परवा बांधलं, आज फोडतायत. आईला श्वास घेता येत नाहीये. कोणता शहाणा बसवलाय तिथे?"

बाईंनी पदराने तोंडावरची धूळ पुसली आणि त्या जोत्याकडे बघत राहिल्या.

"मी," मी म्हटलं. "मला माहीत होतं ताई, आणि मी बोललो नाही. तुमच्या वहिनींनी नोकरी पणाला लावून हे फोडायला लावलंय."

नणंदेने आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग आता इथेच थांबा," ती म्हणाली. "पुरं होईपर्यंत." आणि आतून एक खुर्ची आणून तिने धुळीतच ठेवली.