बाबांची धुतलेली फुप्फुसं

आमच्या बाबांची लाँड्री इस्त्रीवर कमी आणि तोंडावर जास्त चालायची. शर्ट न्यायला आलेलं गिऱ्हाईक गरम कपड्यांच्या वासात तासभर स्टुलावर बसून गोष्टी ऐके आणि शर्ट विसरून घरी जाई. आई वैतागे. मला मात्र ते दुकान म्हणजे स्वर्ग वाटायचा, अजूनही वाटतो.

मग ती टकळी मंदावली. दोन शब्द झाले की बाबा टेबल धरून दम खात. कुणी वाफेला दोष दिला, कुणी वयाला. दम्याची औषधं झाली, गुण येईना. गोष्ट अर्ध्यावर आली की ते हातानंच ‘असो’ म्हणत. गिऱ्हाइकं शर्ट घेऊन वेळेवर घरी जाऊ लागली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अखेर रोग शोधला. लाखांत एखाद्याला होणारा. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून पातळ लेप असतो. जुना लेप शरीर उचलून टाकतं. बाबांच्या शरीरानं ते काम सोडून दिलं होतं, म्हणून हवेच्या जागी लेपच साठला होता.

“म्हणजे... खळ बसलीय,” बाबा म्हणाले. कपडे कडक करायला लावतात ती खळ. “धुवा की मग.”

“तेच करणार आहोत,” बाई हसल्या. बाबांना झोपवून एका फुप्फुसाला यंत्रानं श्वास द्यायचा, दुसऱ्यात मिठाचं पाणी भरायचं आणि काढायचं, नितळ निघेपर्यंत. नंतर पहिल्याची पाळी.

आई उठून उभीच राहिली. “माणसाला आतून बुडवणार? काही नको. मी यांना आहेत तसे घरी नेते. नाही बोलले तरी चालतील मला.”

“मला... नाही चालणार,” बाबा म्हणाले.

पहिलं पाणी दुधासारखं निघालं. शेवटचं नितळ होईपर्यंत आई बाहेरच्या बाकावर माझा हात घट्ट धरून बसली होती. पुढं दुसरं फुप्फुसही धुतलं. रोग परत येऊ शकतो, आला तर परत धुवू, असं बाईंनी बजावून आम्हाला घरी सोडलं.

बाबांनी गोष्ट टॅक्सीतच सुरू केली. त्यांच्या तरुणपणी एका नवरदेवाचा कोट ऐन लग्नाच्या सकाळी दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे गेला होता, ती. जिना चढताना ती चालूच होती, दाराशीही चालू होती. आम्हा दोघींना ती शब्दन्‌शब्द पाठ होती. शेवटच्या वाक्यापर्यंत बाबा कुठंही थांबले नाहीत.

आईनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, “मग? पुढं काय झालं?”